मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चार महिन्यांनी डोळा लाल: थेंब टाकले की बरं, बंद केले की परत

निशिगंध
१४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. लांब होणार आहे, पण तुकड्यांत सांगितलं तर मुद्दा हातून निसटेल, म्हणून सलग लिहिते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, वय ७१, पंधरा वर्षांपासून शुगर. मागच्या नोव्हेंबरात, दिवाळी आटोपल्यावर, त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. फेको, म्हणजे बारीक छेदातून यंत्राने मोतीबिंदू काढतात ते, घडीची लेन्स, टाका नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे वेगवेगळे दिसले, तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला की मी फोटो काढून ठेवलाय. थेंब सहा आठवडे चालले, कमी करत करत बंद झाले. डिसेंबरच्या शेवटी फाइल कपाटात गेली.

फेब्रुवारी संपता संपता, म्हणजे ऑपरेशनला साडेतीन महिने होऊन गेल्यावर, एका सकाळी म्हणाले, "सूनबाई, पेपर धुरकट दिसून राहिला." डोळा थोडा लाल होता. ठणका नाही, चिकटा नाही. अंगणात उजेडात आले की मात्र डोळा बारीक करायचे. होळीचे दिवस जवळ, हवेत धूळ, म्हणून आम्हाला वाटलं कचरा गेला असेल. नवऱ्याने जुनी चिठ्ठी दाखवून चौकातल्या मेडिकलमधून तेच थेंब आणले. चार दिवसांत डोळा स्वच्छ. सगळे खूश.

मार्चच्या शेवटी तेच. या वेळी डॉक्टरांना दाखवलं. "आत सूज आहे," म्हणाले. स्टिरॉइडचे थेंब तासातासाला, मग दिवसातून सहा, चार, तीन. तीनवर होते तोपर्यंत ठीक. दोनवर आले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धुरकट. परत वाढवले, परत बरे. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. बाहेर ४४ डिग्री, घरात कूलर सुरू, आणि मामाजी खिडकीला चादर लावून अंधारात बसलेले.

या तिसऱ्या वेळी माझ्या नणंदेने हट्ट धरला की पडद्याच्या डॉक्टरांना दाखवायचंच. नागपुरात धंतोलीत एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "थेंब कमी केले की परत येतं का?" आम्ही तिघांनीही एकदम मान हलवली. मग त्यांनी बाहुली पूर्ण मोठी होईपर्यंत पाऊण तास थांबवलं आणि लेन्सच्या कडेपर्यंत बघितलं. लेन्स ज्या पिशवीत बसवतात तिच्या कडेला, बाहुली लहान असताना झाकल्या जाणाऱ्या जागी, पांढरट चकंदळ होतं. तोवर कोणाच्या नजरेत ते आलं नव्हतं. बाहुली पूर्ण मोठी केल्याशिवाय ते दिसणारंच नव्हतं.

निदान: उशिरा आलेला, डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. डोळ्यातून पाणी काढून तपासणीला पाठवलं आणि त्याच वेळी आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. पाचव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला, "वाढ नाही." आम्ही सुटकेचा श्वास टाकला. बाईंनी टाकला नाही. लॅबला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की चौदा दिवस नमुना फेकायचा नाही. नवव्या दिवशी जंतू उगवला.

मे महिन्यात पडद्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढला, त्या चकंदळासकट पिशवीचा तुकडा कापून काढला, पुन्हा औषध भरलं. लेन्स तशीच ठेवली. दोन महिने झाले, डोळा शांत आहे. चष्म्याने ६/१२ पर्यंत वाचतात (६/६ म्हणजे पूर्ण नजर). नोव्हेंबरात ६/९ वाचत होते.

लिहिण्याचं कारण सांगते. त्या अडीच महिन्यांत दर वेळी थेंबांनी बरं वाटत होतं म्हणूनच आम्ही फसलो. बरं वाटलं नसतं तर मार्चमध्येच धावलो असतो. तुमच्या घरात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, मग महिने होऊ देत की वर्ष, आणि डोळा लाल होऊन थेंबांनी बरा होत असेल आणि परत येत असेल, तर कृपा करून जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवू नका.

एक प्रश्नही आहे. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, पिकत चाललाय. मामाजी म्हणतात आता हात लावू देणार नाही. काय करावं?

तर्रीपोहे
१४ जुलै, रात्री १०.२५

ताई, वाचून पोटात गोळाच आला. आमच्या मायचं ऑपरेशन बारा वर्षांआधी झालं, काटोलले शिबिर लागलं होतं तेव्हा. आता महिनाभरापासून डोळ्यात खुपते खुपते म्हणून राहिली. लालही आहे. मी मेडिकलवरून थेंब आणून टाकले, दोन दिवस बरं, मग जैसे थे. आता बारा वर्षांनी बी होते का असं? अन डोळे आले का हे झालं, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? २०२३ च्या पावसाळ्यात साथ आली होती तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचे डोळे आले होते, म्हणून वाटलं तेच असन.

बुबुळ
१५ जुलै, सकाळी ७.१०

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, विदर्भातच काम करतो. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण निशिगंध यांनी जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की त्यामागचं कारण सांगावंसं वाटतं.

आधी तर्रीपोहे यांचं. डोळे येतात तेव्हा चिकटा येतो, सकाळी पापण्या चिकटतात, एकाचे आले की घरातल्या दुसऱ्याचेही येतात, आणि चिकटा पुसला की बहुधा दिसतं पूर्वीसारखंच. डोळ्याच्या आत काही बिघडलं असेल तर बहुधा चिकटा नसतो. लाली बुबुळाच्या कडेने गोल असते, उजेड सोसत नाही, समोर जाळं किंवा ठिपके तरंगतात आणि नजर उतरते. एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडरची तारीख वाचायला लावा, मग उलट करा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने कालच्यापेक्षा कमी दिसत असेल तर थांबायचं नाही. पण कॅलेंडर नीट वाचता आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. बारा वर्षांनंतरही डोळ्यात काही होऊ शकतं, त्यामुळे आईंना या आठवड्यातच दाखवा.

आता मामाजींचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गढूळ झालेला गर काढतात. तो ज्या पातळ पिशवीत असतो ती मात्र ठेवतात आणि तिच्यातच कृत्रिम लेन्स बसवतात. लेन्स आणि पिशवी यांच्या फटीत एखादा जंतू अडकला, तर त्याला तिथे निवांत घर मिळतं. हवा फारशी नाही, रक्त पोचत नाही, थेंबातलं औषध पोचत नाही. मामाजींच्या डोळ्यात जो जंतू निघाला असावा तो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, तेलग्रंथींमध्ये राहतो. मुरुमांशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तोच. तो इतका सावकाश वाढतो की दिसायला महिने लागतात, कधी वर्षंही.

डोळ्याची लाली आणि धुरकटपणा म्हणजे आपल्या शरीराने त्या जंतूशी चालवलेली लढाई. स्टिरॉइडचे थेंब ती लढाई थांबवतात, जंतूला मारत नाहीत. म्हणून चार दिवसांत डोळा स्वच्छ दिसतो आणि थेंब कमी झाले की लढाई पुन्हा सुरू होते. जंतूऐवजी बुरशी असेल तर स्टिरॉइडने ती वाढतेच. आपल्या उष्ण हवामानात बुरशीचा विचार डॉक्टरांच्या मनात कायम असावा लागतो.

ऑपरेशननंतरच्या या आतल्या संसर्गाला आम्ही एंडोफ्थाल्मायटिस म्हणतो. सहा आठवड्यांच्या आतला तो तीव्र, त्यानंतरचा उशिराचा. तीव्र प्रकार बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतो. ठणका लागतो, पापणी सुजते, नजर काही तासांत कोसळते, बुबुळामागे तळाशी पुवाची पांढरी रेघ साचते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते, रात्री दोनला असलं तरी निघायचं. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांचं कॅज्युअल्टी रात्रभर उघडं असतं. या प्रकाराकडे सहसा कोणी दुर्लक्ष करत नाही, कारण पेशंटला झोपच लागत नाही. उशिराचा प्रकार दुखत नाही म्हणून राहून जातो.

गोळ्या आणि सलाइनमधल्या औषधांबद्दलही विचारणा होते. रक्तातून डोळ्याच्या आत औषध जाताना मध्ये एक नैसर्गिक अडसर आहे, त्यामुळे बरीच औषधं आत पुरेशी पोचत नाहीत. म्हणून सुईने थेट आत द्यावी लागतात. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं तर एक मिलिग्रॅम, तेही एक दशांश मिलिलिटरमध्ये, म्हणजे दोन थेंबांएवढं. अमेरिकेत या विषयावर मोठा अभ्यास झाला, १९९५ साली प्रसिद्ध झाला, ४२० पेशंट होते. त्यात शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा वेगळा फायदा दिसला नाही. आणि फक्त उजेड कळण्याइतकीच नजर उरली असेल तर लगेच पडद्याचं ऑपरेशन केल्याने फायदा दिसला. पण त्यात सहा आठवड्यांच्या आतलेच पेशंट घेतले होते. उशिराच्या संसर्गाला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथे नुसतं इंजेक्शन देऊन थांबलं तर जंतू पिशवीत लपून राहतो आणि आजार बरेचदा उलटतो. म्हणून त्या मॅडमनी पिशवीचा तुकडा काढला. एवढं करूनही उलटलाच, तर पूर्ण पिशवी आणि लेन्स दोन्ही काढावे लागतात. ते शेवटचं पाऊल.

हे वाचून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरू नका, ही हात जोडून विनंती. आतला संसर्ग साधारण हजार ऑपरेशनमागे एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, आणि उशिराचा त्याहून विरळा. मोतीबिंदू तसाच ठेवून आंधळे होणारे मी आयुष्यभर बघत आलोय. आणि ऑपरेशननंतर महिन्यांनी लाल झालेला प्रत्येक डोळा जंतूचाच असतो असंही नाही. गराचा तुकडा आत राहिलेला असतो, लेन्स कुठे घासत असते, टीबीपासून सांधेवातापर्यंत कशामुळेही आत सूज येते. ते शोधायला वेळ लागतो. पेशंटने डॉक्टरला तो वेळ द्यावा, आणि डॉक्टरने बाहुली पूर्ण मोठी करून बघावं.

पेट्रीडिश
१५ जुलै, दुपारी १.३०

मी सूक्ष्मजीव तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. निशिगंधताईंनी चौदा दिवसांचा उल्लेख केला त्यावर थांबून लिहिते आहे, कारण आमच्या बाजूने चुकतं ते नेमकं इथेच.

नेहमीच्या नमुन्यांना आम्ही दोन ते पाच दिवस देतो. तेवढ्यात काही उगवलं नाही तर "वाढ नाही" असा रिपोर्ट जातो. हा जंतू तेवढ्यात उगवत नाही. त्याला हवा नको असते, म्हणून वेगळं माध्यम लागतं, थायोग्लायकोलेट ब्रॉथ, आणि दहा ते चौदा दिवस. चिठ्ठीवर "डोळ्यातील द्रव" एवढंच लिहून आलं तर आम्हाला कळायला मार्ग नसतो. "मोतीबिंदू ऑपरेशन अमुक तारखेला, उशिराच्या संसर्गाची शंका, चौदा दिवस ठेवा, बुरशीसाठीही लावा" असं आलं की काम बदलतं. नमुना फार थोडा असतो, काही थेंब. सिरिंजमधली हवा काढून, तोंड बंद करून लगेच आणायचा. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, उद्या सकाळी देऊ म्हणायचं नाही.

रिपोर्टवर क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस असं नाव दिसलं आणि जुन्या माहितीत प्रोपिओनिबॅक्टेरियम वाचलं तर गोंधळू नका. दोन्ही एकच, २०१६ मध्ये नाव बदललं. आणखी एक गोष्ट. नळाच्या पाण्यात राहणारे, टीबीच्या जंतूच्या कुळातले पण टीबी न करणारे जंतूही डोळ्यात असा सावकाश आजार करतात. साध्या औषधांना ते दाद देत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी सांगावी लागते.

नातेवाइकांना माझं सांगणं असं की पहिला "वाढ नाही" हा शेवटचा शब्द धरू नका. लॅबला फोन करा, विचारा, "नमुना अजून ठेवलाय ना?" आम्हाला या फोनचा राग येत नाही.

संत्राबर्फी
१५ जुलै, संध्याकाळी ६.०५

माझ्या आजीच्या डोळ्यात आम्ही गुलाबजल टाकायचो आणि कधी शुद्ध मध. तिला थंड वाटायचं. ऑपरेशननंतर लाली आली तर आधी हे करून बघायला काय हरकत आहे? साइड इफेक्ट तर नाही.

बुबुळ
१५ जुलै, रात्री ८.४५

हरकत आहे, आणि मोठी आहे. उघडलेल्या बाटलीतलं गुलाबजल निर्जंतुक नसतं, मधही नसतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात त्यातून बुरशी जाऊ शकते. आजीला थंड वाटलं ते खरंच असेल, पण आतल्या पिशवीत काय चाललंय ते त्या थंडाव्याने कळत नाही, आणि आठवडा मात्र निघून जातो. तो आठवडा फार महागात पडतो. थंड वाटायला हवं असेल तर बंद डोळ्यावर स्वच्छ ओला रुमाल ठेवा, डोळ्यात काही टाकू नका.

गोरेवाडा
१६ जुलै, पहाटे ५.२०

रात्रभर झोप नाही. हे सगळं दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं, पाच महिने छान दिसलं, मग धुरकट. सांगितलं गेलं की मागची जाळी आलीय, म्हणजे लेन्सच्या मागची पिशवी गढूळ झालीय, लेसरने उघडू, पाच मिनिटांचं काम. जाळी येणं अगदी नेहमीचं असतं हे आम्हालाही माहीत होतं, मावशीला येऊन गेली होती. आईच्या डोळ्यात लाली थोडी होती, पण ती उन्हामुळे असेल असं आम्हीच सांगितलं. आम्हीच सांगितलं, हे मला लिहायचंय. मधले दोन महिने आईने लालीसाठी थेंब वापरले होते, तेही सांगायचं राहून गेलं. लेसरनंतर दहाव्या दिवशी डोळा पूर्ण लाल, समोरून माणूस गेला तर फक्त सावली. बुरशी निघाली. डोळ्यात अॅम्फोटेरिसिनची इंजेक्शनं, पोटात व्होरिकोनाझोल, दोन ऑपरेशनं, लेन्स काढली. आज तिला त्या डोळ्याने खिडकी कुठे आहे एवढं कळतं.

ती तक्रार करत नाही. दुसऱ्या डोळ्याने भाजी निवडते, मोबाइलवर भजनं लावते. पण चहाचा कप ठेवताना टेबलाची कड आधी हाताने चाचपते, आणि ते बघताना मला श्वास घेता येत नाही.

बुबुळ, एकच विचारतो. लेसरमुळे झालं का?

बुबुळ
१६ जुलै, सकाळी ७.५०

गोरेवाडा, तुमच्या आईंची फाइल मी बघितलेली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल निश्चित बोलणार नाही. सर्वसाधारण एवढं सांगतो की लेसरने संसर्ग तयार होत नाही. पिशवीत आधीच दडलेला संसर्ग असेल, तर पिशवीचा मागचा पडदा उघडल्यावर त्याला डोळ्याच्या मागच्या भागात जायला वाट मिळते, हे माहीत असलेलं आहे. म्हणून आत सूज असताना लेसर करायचा नसतो, आधी सूज कशाची ते शोधायचं. साध्या जाळीत डोळा पांढरा आणि शांत असतो, फक्त धुरकट दिसतं. लाली आणि धुरकटपणा दोन्ही असतील तर वेगळा विचार.

थेंबांचं सांगायचं राहिलं असं तुम्ही लिहिलंत. ते विचारून घेणं डॉक्टरचं काम आहे. तुमचं नाही. हे ओझं स्वतःवर घेऊ नका. आईंच्या चांगल्या डोळ्याला दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, आणि घरात त्यांच्यासाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा करून घ्या, नंबर नसला तरी. एकुलता डोळा आहे, त्याला जपायचं.

निशिगंध
१६ जुलै, सकाळी ११.००

गोरेवाडा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. टेबलाची कड चाचपणं... मामाजी मे महिन्यात तेच करायचे.

काही जणांनी व्यक्तिगत निरोपात खर्चाचं विचारलंय. आमचा आकडा सांगून उपयोग नाही, दवाखान्यागणिक बदलतो. पण एक करा. ज्या दवाखान्यात शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे तिथे दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन त्यांना विचारा की पडद्याचं ऑपरेशन योजनेत बसतं का. आम्हाला हे टेबल दिसायला दोन फेऱ्या लागल्या.

आणि मोतीबिंदूच्या डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं स्टिकर असतं, कंपनी, पॉवर, नंबर. धंतोलीच्या मॅडमनी ते पहिल्यांदा मागितलं, तेव्हा मी घरी परत जाऊन कपाट उपसलं होतं. आता त्याचा फोटो घरात चौघांच्या मोबाइलमध्ये आहे. सोबत एका कागदावर कोणते थेंब, कधी सुरू, कधी कमी केले, कमी केल्यावर किती दिवसांनी लाली आली, असं तारखांनिशी लिहून ठेवलंय. मॅडम म्हणाल्या, हा कागद सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त बोलतो. बुबुळ, डाव्या डोळ्याबद्दल तुमचं मत हवं होतं.

बुबुळ
१६ जुलै, रात्री ९.१५

मत देतो, निर्णय तुमच्या मॅडमचा. उजवा डोळा थेंबांशिवाय काही महिने शांत राहिला पाहिजे. शुगर आटोक्यात. पापण्यांच्या कडा तपासून घ्या. तिथे खपल्या, तेलकटपणा असेल तर शेक आणि रोज पापण्या पुसणं आधी काही आठवडे. जंतू बहुतेक वेळा तिथूनच आत जातो.

ऑपरेशनच्या आधी डोळ्यात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक टाकून तीन मिनिटं थांबतात. हे स्वस्त आहे आणि फार महत्त्वाचं आहे. शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडतात का, हेही विचारा. युरोपात यावर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सेफ्युरॉक्झिम आत सोडल्याने संसर्ग सुमारे पाचपट कमी झाला. आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरतात, आणि मदुराईच्या अरविंद रुग्णालयांनी लाखो डोळ्यांचा अनुभव मांडून त्याचा फायदा दाखवला आहे. हे सारं प्रामुख्याने लवकर येणाऱ्या संसर्गाबद्दल आहे, पण मामाजींसारख्या पेशंटला मी त्याशिवाय हात लावणार नाही.

मामाजींना मात्र घाई करू नका. त्यांची भीती खरी आहे, त्यांनी ती भोगलीय.

तर्रीपोहे
२१ जुलै, दुपारी ४.४०

ताई, डॉक्टरसाहेब, मायले शनिवारी मेडिकलले नेलं. सकाळी आठला लाइनीत लागलो, दीडले नंबर आला. पण त्या पोरी डॉक्टरनं जे पाहिलं ना, मन भरलं. बारा वर्षांआधीचा टाका होता, बारीक काळा धागा, केसापेक्षा बारीक. तो इतक्या वर्षांनी तुटून वर आला होता अन पापणीच्या आतून रोज खुपत होता. त्याच्या मुळाशी पांढरा ठिपका पडला होता, म्हणजे जंतू लागले होते. अजून आत नाही गेले म्हणाली. तिथंच थेंब टाकून डोळा बधिर केला, टाका काढला, खरवडून काचेवर घेतलं, दोन तासाले एक असे अँटिबायोटिकचे थेंब दिले. मी टाकत होतो त्या बाटलीत स्टिरॉइड निघालं. ते पाहून डॉक्टरनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

आज तिसरा दिवस, खुपणं बंद. मी मायले आणखी पंधरा दिवस तसेच थेंब टाकत राहिलो असतो. हे लिहिल्याबद्दल ताई तुमचे लई उपकार.

निशिगंध
१९ ऑक्टोबर, रात्री १०.१०

खूप दिवसांनी आले. उजवा डोळा पाच महिने शांत, त्यातले शेवटचे तीन थेंबांशिवाय. मॅडमनी बाहुली मोठी करून दोनदा कडेपर्यंत बघितलं, चकंदळ नाही.

डाव्या डोळ्याचं ठरलंय, दिवाळीनंतर. आम्ही कोणी मामाजींना आग्रह केला नाही. गेल्या आठवड्यात नातू त्यांना फुटाळा तलावावर घेऊन गेला होता. परत आल्यावर म्हणाले, "पाण्यावरचे दिवे एका डोळ्यानं दिसतात, दुसऱ्यानं नुसता उजेड." दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून मॅडमची वेळ घेतली. पापण्या पुसायचं काम रोज रात्री जेवणानंतर चालू आहे, कोमट पाण्याची वाटी ते स्वतःच भरून आणतात. पोव्हिडोन आयोडीन आणि आत सोडायचं औषध, दोन्ही प्रश्न त्यांनी स्वतः चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलेत.

गोरेवाडा, आईच्या चष्म्याचं झालं का?

गोरेवाडा
२० ऑक्टोबर, सकाळी ६.३०

झालं. तपकिरी फ्रेम तिने निवडली. झोपतानाच काढते.